खाली बसलेली हवा

माघ उतरणीला लागला की आमच्या नेरकडच्या शिवारात पऱ्हाट्या जळल्याचा वास येऊ लागतो. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते. वाळक्या काड्या चिमट्याने उपटून शेतोशेती त्यांचे ढीग घातलेले असतात. बायाबापड्या त्यातलं सरपण वाहून नेतात आणि उरलेल्याला लोक काडी लावतात. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, पळस तेव्हा नुकता रंग धरू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या कॉलेजात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. माझ्या यजमानांना हा वास फार आवडतो. "वावर मोकळं झाल्याचा वास आहे हा," असं म्हणत ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. मी मात्र उठून खिडक्या लावून घेते. घरच्यांची समजूत अशी की मला धुराची ॲलर्जी आहे. ती समजूत मीच करून दिलेली आहे. खरं कारण मी चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

मी भूगोल शिकवते. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. इतक्या वर्षांत माझा सगळ्यात लाडका धडा कोणता असेल तर तो वातावरणाचा. फळ्यावर मी खाली जमिनीची एक जाड रेघ ओढते, आणि तिच्यावर एकेक मजला चढवत जाते. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, आणि शेवटी बाह्यांबर, जिथे हवा इतकी विरळ की असून नसल्यासारखी. पोरांना किलोमीटरचे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सांगते, "नेरच्या स्टँडवरून यवतमाळची एसटी धरा. रस्ता आडवा न जाता सरळ आभाळात गेला असता, तर अर्ध्या वाटेवरच तपांबर संपलं असतं. ढग, पाऊस, वादळ, आपले श्वास आणि आपली भांडणं, सगळं त्या अर्ध्या तिकिटात." मग पोरं पहिल्यांदा वर न पाहता खिडकीतून रस्त्याकडे पाहतात.

हवेतले वायू शिकवायचीही माझी एक रीत आहे. नायट्रोजन म्हणजे घरजावई, अठ्ठ्याहत्तर टक्के जागा अडवून बसलेला, पण चुलीपासून श्वासापर्यंत कुठल्या कामाला हात लावायचा नाही. ऑक्सिजन म्हणजे सून, एकवीस टक्के जागा, पण घर तिच्यावर चालतं. उरलेल्या एका टक्क्यात अरगॉन आणि बाकीची पाहुणेमंडळी. कार्बन डायऑक्साइड चिमूटभर, भाजीतल्या हिंगाइतका, पण कमीजास्त झाला की सगळ्यांना कळतो. बाष्प आणि धूळ यांचा काही नेम नाही, आज इतकी तर उद्या तितकी. पोरं हसतात, आणि हसता हसता त्यांचं पाठ होतं. "मॅडमचा हा धडा कोणी विसरत नाही," असं ऐकलं की मला गुदगुल्या व्हायच्या. व्हायच्याच, खोटं कशाला सांगू.

याच धड्यात एक नियम आहे. जसजसं उंच जावं तसतशी हवा थंड होते, दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी. आणि त्या नियमाच्या खाली दोन ओळींचा एक अपवाद आहे, तापमानाची विपरीतता. थंडीत, आभाळ निरभ्र असताना, वारा पडलेला असला की दिवस मावळताच जमीन झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, उतारावरून घरंगळत जाऊन सखल जागी साचते. वरची हवा उबदारच राहते आणि झाकणासारखी तिच्यावर बसते. अशा वेळी खालचं वर जात नाही. उदाहरण, हिमालयातल्या दऱ्या. हे मी दरवर्षी उतरवून द्यायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. हिमालय मी पाहिलेला नाही.

आमचं शेत गावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथून जमीन उतरत उतरत नाल्याकडे जाते, आणि नाल्याच्या अलीकडे, अगदी खोलगटात, बंजाऱ्यांचा तांडा आहे. पन्नासेक घरं, एक पांढरा झेंडा लावलेलं देऊळ, चार निंबाची झाडं. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तेही कापूस, सोयाबीन, तुरीत आपल्यासारखेच अडकलेले. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई सकरी याडी. याडी म्हणजे आई, सगळा तांडा तिला तसंच म्हणतो. ती एकदा मला सांगत होती, "आमचे जुने लोक थंडीत खोऱ्यात डेरा नाही टाकत होते, बाई. टेकाडाच्या कुशीत टाकत. खाली हवा बोचते." मी विचारलं, मग तांडा इथे खाली कसा? ती हसली. "वरची जमीन तुमची होती ना," म्हणाली. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्याच तांड्यातले देवसिंगभाऊ आमचं शेत पाहतात. सडपातळ माणूस, डोक्याला कायम लाल रुमाल. त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. तांड्यात त्यांना वारा पाहणारा माणूस मानायचे. तूर वाऱ्यावर उधळायची असो, धुरा जाळायचा असो की होळी पेटवायची असो, लोक आधी त्यांना विचारायचे. ते चिमूटभर माती वर सोडायचे, थोडा वेळ उभे राहायचे, आणि सांगायचे, "अजून थांबा," किंवा "आता लावा." बस, एवढंच. लोक ते ऐकायचे.

चार वर्षांपूर्वीचा तो दिवस. शेतात पऱ्हाट्यांचे ढीग होतेच, शिवाय अवकाळी पावसात भिजून कुजलेलं सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होणार होत्या आणि यजमान कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेले. मला हे काम हातावेगळं करायचं होतं. दुपारी वारा होता, आणि शेजारच्या शेतात गहू उभा होता, म्हणून दुपारी पेटवायचं नाही हे मी ठरवलं. दिवस कलल्यावर वारा पडला. मी देवसिंगभाऊंना म्हटलं, आता लावा काडी.

त्यांनी माती सोडून पाहिली. ती सरळ खाली पडली.

"आता नको मॅडम," ते म्हणाले. "हवा खाली बसून राह्यली. धूर वर नाही जाणार. तांड्यात उतरंल सारा."

मला हसू आलं. माझ्याच शेतात, माझ्याच विषयात, मला कोणी शिकवत होतं. "हवा कायले बसते भाऊ? बसतात ती माणसं," मी म्हटलं. मग काडीने मातीवर रेघा ओढून त्यांना समजावलं. ही जमीन, हे तपांबर. गरम हवा हलकी असते, हलकं ते वर जातं, आगीचा धूर गरम, तो वर जाणारच, आणि वारा नाही म्हणजे गव्हाला धोका नाही. देवसिंगभाऊ माझ्या रेघांकडे पाहत राहिले. त्यांनी पुन्हा एकदाच म्हटलं, "सकाळी दहा वाजता लावू. तवा हवा उठते." मी म्हटलं, दहा वाजता मला कॉलेज आहे. लावा तुम्ही.

त्यांनी लावली. पऱ्हाटी भडकली आणि तासाभरात बसली. कुटार मात्र ओलं होतं, ते धुमसत राहिलं. मी तोपर्यंत घरी येऊन परीक्षेच्या याद्या लावत होते.

सकाळी सात वाजता मी स्कूटीवरून वरच्या रस्त्याने निघाले. वळणावर आले आणि थांबलेच. खाली तांड्यावर पांढरा शुभ्र, सपाट थर पसरलेला होता. घरं दिसतच नव्हती. निंबांचे शेंडे आणि देवळाचा झेंडा तेवढा वर, बाकी सगळं त्या पांढऱ्यात बुडालेलं, आणि त्याच्यावर कोवळं ऊन. इतकं सुंदर दृश्य मी आमच्या गावात कधी पाहिलं नव्हतं. मी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "आमच्या गावची धुक्यातली पहाट."

वास आला होता. आला नव्हता, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तुकडीत देवसिंगभाऊंची मुलगी पूजा होती. ती अर्धा तास उशिरा आली. डोळे लाल, श्वास लागलेला. मी सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय गं, रात्रभर अभ्यास की सिनेमा?" ती म्हणाली, "नाही मॅडम. तांड्यात धूर भरून राह्यला. सकरी याडीले दम लागला, आता ऑटोत घालून इथं दवाखान्यात आणलं." माझ्या हातात नकाशा होता. तो मी टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. तोवर माझ्या स्टेटसवर पंधरा-वीस जणांचे "वा!" आणि "सुंदर!" येऊन पडले होते. एकाने लिहिलं होतं, "मॅडम, आमचं काश्मीरच हे!"

दुपारच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेले. याडीच्या तोंडाला मास्क लावलेला होता. हातांतली पांढरी बलोती, त्या बंजारा बांगड्या, तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत होती. घरजावई, सून, पाहुणेमंडळी, माझा सगळा विनोद मला त्या खाटेपाशी आठवला, आणि ज्या एकवीस टक्क्यांवर मी वर्गाला हसवत आले ते या बाईला पुरत नव्हते. बाहेर देवसिंगभाऊ उभे होते. मला वाटलं, आता हे बोलतील. ते एवढंच म्हणाले, "म्हतारी वाचंल म्हणते डॉक्टर." मी तो स्टेटस पुसून टाकला. तो चोवीस तासांनी आपोआप गेलाच असता, पण तेवढा धीर मला नव्हता.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. तापमानाची विपरीतता, दोन ओळी. पहिल्यांदाच त्या मी शिकवायला म्हणून न वाचता कळायला म्हणून वाचल्या. निरभ्र आभाळ, पडलेला वारा, उतार, सखल जागा. एकेक खूण आमच्या शिवाराची होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? माझ्या लेखी दरी म्हणजे हिमालयातली. आमच्या नाल्याकाठच्या खोलगटाला दरी म्हणायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

इथवरचं सगळं चुकीत बसतं. चुका माणसाकडून होतात. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

याडी तिसऱ्या दिवशी घरी आली, आणि तांड्याच्या नायकाने देवळापुढे लोक बसवले. शेत आमचं म्हणून मलाही बोलावणं आलं. सगळी माणसं जमिनीवर बसलेली. माझ्यासाठी कोणीतरी पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली, आणि मी तिच्यावर बसले. नायक म्हणजे पांढऱ्या मिशांचा शांत माणूस. त्यांनी मला अदबीने विचारलं, "मॅडम, सांजच्याले पेटवाचं तुम्ही सांगतलं होतं काय?"

मी म्हणाले, "वाळलं की पेटवा, एवढं मी म्हटलं होतं. वेळेचं काय ते देवसिंगभाऊंना अधिक ठाऊक."

खोटं बोलताना माझी भाषा अगदी शुद्ध होते, हे मला त्या दिवशी कळलं.

देवसिंगभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळ टिकलं नाही. मग ते उठले, म्हणाले, "चुकी मायीच हाये, नायक." डोक्याचा लाल रुमाल त्यांनी सोडला आणि याडीच्या पायापाशी ठेवला. त्यांचे केस मधोमध विरळ झालेले होते. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिले नव्हते. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मोठा वारा पाहणारा!" आणि लोक हसले. मी खुर्चीवर होते.

रुमाल त्यांनी पुन्हा डोक्याला बांधला, पण त्यानंतर तांड्यात त्यांना वाऱ्याचं कोणी विचारेना. तूर उधळायची तर लोक आपल्या मनाने उधळत. होळी पेटवायचा मान दुसऱ्याकडे गेला. "देवसिंगले विचारून पेटवा बरं," ही तर पोरासोरांची थट्टा झाली. आमच्या शेतात ते पूर्वीसारखेच येत राहिले, पूर्वीसारखंच "मॅडम" म्हणत राहिले. माती सोडून पाहायची सवय मात्र गेली. मी पूजाला प्रात्यक्षिकात वीसपैकी एकोणीस दिले. ते तिच्या वहीला दिले की माझ्या खोट्याला, हे आजही मला छातीठोक सांगता यायचं नाही. याडी वाचली, पण तिचा दम गेला. पूर्वी ती शेळ्या घेऊन टेकाडावर जायची. आता चार पावलं चढली की बसते. जिथली हवा थंडीत उबदार असते तिथवर ती पोचू शकत नाही.

आणि मी माझी समजूत कशी घातली होती, तेही सांगून टाकते. देवसिंगभाऊंनी मला झाकून घेतलं, कारण तो माणूस थोर आहे, असं मी मनात धरून बसले होते. त्यांच्या मोठेपणाच्या पांघरुणात मी चार वर्षं बऱ्यापैकी झोपले.

परवा बारावीच्या वर्गात उजळणी घेत होते. नोकरीतला हा धडा शेवटचाच. विपरीततेच्या दोन ओळी सांगितल्या, हिमालय सांगितला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तांड्यातलीच. म्हणाली, "मॅडम, आपल्या इथं नाही होत काय असं?" मी म्हटलं, "होतं." खडू हातात धरून मी उभी राहिले, आणि घंटा होईपर्यंत पोरांनी आपापसात बोलून घेतलं.

संध्याकाळी मी शेतात गेले. देवसिंगभाऊ पऱ्हाट्या एकीकडे लावत होते. मला पाहून म्हणाले, "कवा पेटवाची औंदा, मॅडम? तुम्ही म्हणान तवा." ते "तुम्ही म्हणान तवा" माझ्या काळजात घुसलं. मी म्हटलं, "भाऊ, त्या वक्ती तुमी खरं काहून नाही सांगतलं?"

त्यांना कोणत्या वक्ती हे विचारावं लागलं नाही. हातातली काडी मोडत म्हणाले, "पोरगी तुमच्या हाताखाली होती ना मॅडम. वीस मार्क तुमच्या हातात होते. अजून द्याचेच होते ते. कसं बोलू?"

तो मोठेपणा नव्हता. ती भीती होती, आणि ती माझी होती. मला, हसवून शिकवणाऱ्या, पोरांच्या लाडक्या मॅडमला, तो माणूस भ्याला होता. मी पूजाचे मार्क कापले असते का? नसते कापले. पण ज्या बाईने भर लोकांत खोटं सांगितलं, ती तेवढं करणार नाही यावर त्याने कशाच्या भरवशावर विश्वास ठेवायचा होता?

आम्ही दोघं उतरून तांड्यात गेलो. उतरता उतरता हवेचा गारवा पायांपासून वर चढत होता. याडी अंगणात गोधडी गुंडाळून बसलेली. मी तिच्यासमोर उभ्यानेच सगळं सांगितलं. मातीवर ओढलेल्या रेघा सांगितल्या, स्टेटसही सांगितला, जो तिला काय कळला असेल देव जाणे. तिच्या छातीत शीळ वाजत होती. माझं संपेपर्यंत ती वाट पाहत राहिली.

"मले कायले सांगतं?" ती म्हणाली. "दमा त मले आधीचाच होता. रुमाल यानं ठेवलता, साऱ्या लोकायसमोर. साऱ्या लोकायसमोरच उचलून दे त्याले."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं. निरोप समारंभ तीन महिन्यांवर आला होता. यजमानांना काय सांगायचं, कॉलेजात कळलं तर काय, वर्गातली ती मुलगीही ऐकेल, पूजाही ऐकेल. तोवर देवसिंगभाऊ नायकाला बोलावून घेऊन आले. नायकाने हाका मारल्या. माणसं देवळापुढे जमू लागली, आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी खुर्ची आणली.

मी नको म्हटलं. याडीने शेजारची जागा हाताने झाडली. "बेस," म्हणाली, आणि मी जमिनीवर बसले. उभी असताना कानांना अजून दिवसाची ऊब लागत होती. खाली बसले तशी ती सुटली. संध्याकाळच्या चुलींचा धूर तिथे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आडवा पसरलेला होता. डोळे चुरचुरायला लागले. ही सगळी माणसं रोज याच हवेत बसतात. फळ्यावर पाच मजले चढवणारी मी इतक्या वर्षांत इथे एकदाही बसले नव्हते.

नायक म्हणाले, "बोला मॅडम."

"त्या सांजी पेटवा म्हणून म्याच सांगतलं होतं," मी म्हणाले. "देवसिंगभाऊ नको म्हणत होते. हवा खाली बसली हाये, धूर तांड्यात उतरंल, असं दोनदा सांगतलं त्यायनं. म्या नाही आयकलं. आन् मंग इथंच, या जागी, तुमच्या साऱ्यायसमोर खोटं बोलली."

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही, ते सोपं गेलं असतं. लोक माझ्याकडे पाहतच नव्हते, सगळे देवसिंगभाऊंकडे पाहत होते, आणि ते मान खाली घालून डोक्याचा रुमाल चाचपत होते.

मग नायकाने घसा साफ केला. "देवसिंग," ते म्हणाले, "औंदा होळी कोन्त्या येळले पेटवाची?"

देवसिंगभाऊंनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली.

"त्या दिवशी वारा पाहून सांगतो," ते म्हणाले.